वेताळ टेकडीवर पक्षी ‘दिसत नाहीत’ तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘पुण्यात कोथरूडला राहतो. पावसाळा संपल्यापासून रोज सकाळी वेताळ टेकडीवर तासभर चालतो. वाढदिवसाला घरच्यांनी दुर्बीण दिली, ती गळ्यात असते. पण कावळे, बुलबुल, साळुंक्या, घारी आणि लांबून ओरडणारे मोर यांच्यापलीकडे मजल जात नाही. त्याच टेकडीवर जाणारे लोक एका सकाळी चाळीस-पन्नास जातींची यादी करून येतात. माझं काय चुकतंय? कॅमेरा घेतला तर उपयोग होईल का? दहा वर्षांच्या मुलीला बरोबर नेऊ का?’

कॅमेऱ्याचं शेवटी बघू. मुलीला जरूर न्या. आधी मूळ दुखणं.

तुम्ही चालायला जाता आणि चालता चालता पक्षी दिसावेत अशी अपेक्षा ठेवता. तासाला पाच किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला झाडीतले पक्षी दिसत नाहीत, मग तो कितीही जाणकार असो. तुम्हाला पक्षी दिसायच्या कितीतरी आधी त्याला तुम्ही दिसलेले असता. तो आवाज बंद करतो, फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो किंवा नुसता गप्प बसून राहतो. तुम्ही पुढे गेलात की चार-पाच मिनिटांत त्याचं काम पुन्हा सुरू होतं. म्हणजे तुम्ही रोज तासभर टेकडीच्या गप्प बसलेल्या तुकड्यातूनच चालताय. ज्यांच्या याद्या मोठ्या असतात ते त्याच तासात जेमतेम अर्धा किलोमीटर सरकलेले असतात, आणि त्यांच्या यादीतले निम्मे पक्षी आधी कानाने सापडलेले असतात.

व्यायाम सोडा असं मी म्हणत नाही. आठवड्यातले दोन दिवस वेगळे काढा. त्या दिवशी आधी पक्षी, मग उन्हं वर आल्यावर हवं तेवढं चाला. उलट क्रम लावू नका, कारण झाडीतल्या पक्ष्यांची धांदल उजाडल्यापासून पहिले दोन-अडीच तासच असते.

आता कुठे उभं राहायचं ते. वेताळ टेकडी पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. खालून ती एकसलग हिरवी दिसते, पण वर गेल्यावर तिचे निदान चार वेगळे तुकडे आहेत. माथ्यावरचा खडकाळ माळ आणि गवत. त्याच्या कडेने बाभूळ, हिवर, घाणेरी यांची काटेरी झुडपं. उतारावर मोई, सालई, मेढशिंगी, पळस अशी इथली मूळची झाडं. आणि काही दशकांपूर्वी लावलेलं गिरिपुष्प, ज्याला बरेच जण अजून उंदीरमारी म्हणतात. शिवाय जुनी दगडाची खाण आणि तिच्यातलं पाणी. प्रत्येक तुकड्याचे पक्षी वेगळे. माळावर चंडोल आणि तीरचिमण्या, झुडपात वटवटे, चीरक आणि खाटीक, झाडोऱ्यात नाचण, निखार, सुभग, माशीमार.

नवशिके लोक दाट झाडीत शिरतात. वाटतं की जितकी झाडी दाट, तितके पक्षी जास्त. गिरिपुष्पाच्या नुसत्या राईत मात्र तुम्ही तासभर उभे राहिलात तरी हाती फारसं लागत नाही. जिथे दोन तुकडे एकमेकांना भिडतात ती कड धरा: गवत संपून झुडूप सुरू होतं तिथे, झुडूप संपून झाडं सुरू होतात तिथे, खाणीच्या काठावर. कडेला दोन्हीकडचे पक्षी येतात, उजेड असतो आणि तुमच्या नजरेला मोकळी जागा मिळते. कोथरूडकडून एआरएआयच्या (टेकडीवरच्या वाहनसंशोधन संस्थेच्या) रस्त्याने वर आलात की माथ्याच्या आसपास अशा कडा भरपूर आहेत. त्यातल्या दोन-तीन निवडा आणि पूर्ण वर्षभर त्याच धरा. दर वेळी नवी वाट शोधणाऱ्याला टेकडी कळते, पक्षी कळत नाहीत.

उजेडाचा विचार फार कमी लोक करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. सूर्य समोर असला की प्रत्येक पक्षी काळा दिसतो आणि माणूस स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसतो. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवतो. कोथरूडकडून उत्तरेला चढताना तो तुमच्या उजव्या खांद्यामागे राहतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमची नेहमीची वाट उत्तम. मे-जूनमध्ये तो ईशान्येकडून येतो आणि त्याच वाटेवर थेट डोळ्यांत शिरतो. तेव्हा लॉ कॉलेजच्या किंवा गोखलेनगरच्या बाजूने चढा, म्हणजे सूर्य पाठीशी. पाषाण-पंचवटीकडची उतरण सकाळी उशिरापर्यंत सावलीत असते. थंडीत तिथले किडे उशिरा हलतात, म्हणून पक्षीही उशिरा हलतात. पूर्वेकडची बाजू शांत झाली की तिकडे वळा, म्हणजे सकाळ अर्ध्या-पाऊण तासाने लांबते. संध्याकाळी जायचं असेल तर तीच पाषाणची बाजू चढायला घ्या.

उभं राहिल्यावर दुर्बीण लगेच डोळ्यांना लावू नका. पहिली पाच मिनिटं नुसते कान. पुण्याच्या टेकड्यांवर रोज ऐकू येणारे आवाज वीस-पंचवीस जातींचे असतील. ते पाठ झाले की उरलेला प्रत्येक आवाज ‘हा कोण?’ म्हणून आपोआप वेगळा पडतो. सुरुवात सोप्यांपासून करा. तांबटाचं एकसुरी टुक् टुक् टुक्. भारद्वाजाचं झुडपाच्या पोटातून येणारं कूप कूप कूप. शिंप्याचं त्याच्या आकाराला न शोभणारं खणखणीत ट्विट् ट्विट्. सुभगाची लांब ओढलेली शीळ. नाचणाची चढत-उतरत जाणारी छोटी धून, जी एकदा ओळखता आली की टेकडीच्या प्रत्येक सावलीच्या जागी ऐकू यायला लागते. हिवाळ्यात झाडाच्या शेंड्यातून सारखं दोन तुकड्यांचं चि-स्विट् येत असेल तर तो हिरवट वटवट्या, आणि खालच्या झुडपातून चक्... चक् असा कोरडा आवाज येत असेल तर ब्लाइथचा बोरू वटवट्या. हे दोघे दिसायला इतके फिके आहेत की नुसत्या रंगावर ओळखायला गेलात तर पहिल्या हिवाळ्यातच नाद सोडून द्याल. कानाने मात्र दोघे पहिल्या आठवड्यात वेगळे होतात.

आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवणाऱ्या मोबाइलवरच्या मर्लिन ॲपबद्दल हमखास विचारलं जातं. आवाज शिकायला ते चांगलं आहे. पण ॲपने नाव दाखवलं म्हणून ते यादीत घालायचं नाही. ते नाव म्हणजे ‘या दिशेला बघ’ एवढी सूचना. असं का म्हणतो ते टेकडीवरच्याच एका त्रिकुटावरून कळेल. शिक्रा, पावशा आणि कोतवाल.

शिक्रा हा कबुतराएवढा ससाणावर्गातला शिकारी, सरडे आणि छोटे पक्षी मारणारा. पावशा म्हणजे उन्हाळा चढला की दिवसरात्र ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ करत सूर वाढवत नेणारा कोकीळकुळातला पक्षी. तो किडे-अळ्या खातो. शिकारीशी त्याचा काही संबंध नाही. पण पाठ राखाडी, छातीवर आडवे पट्टे, शेपटीवर पट्टे, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं. तो झाडीत शिरला की छोटे पक्षी शिक्रा आल्यासारखे बोंबलत सुटतात. त्या गोंधळाचा फायदा मादीला होतो: पावशा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकतो. तिसरा कोतवाल. हा शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि घाबरून उडालेल्या साळुंक्यांचं खाणं पळवतो. आता बघा, तुम्ही उभे आहात, ॲप म्हणतं ‘शिक्रा’, साळुंक्या उडाल्या, आणि समोरच्या फांदीवर पट्ट्यापट्ट्यांचा राखाडी पक्षी येऊन बसला. तीन पुरावे हातात आहेत आणि टेकडीवर शिक्रा नसेलही.

मग निवाडा कसा करायचा? चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि आकडीसारखी वळलेली, पावशाची बारीक आणि जवळजवळ सरळ. पाय बघा. शिक्र्याचे लांब, पिवळे, नखं असलेले. पावशाचे आखूड, जेमतेम दिसतील न दिसतील असे. जवळून दिसला तर शिक्र्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध एक उभी गडद रेघ असते. आणि बसताना लक्ष द्या: पावशा खालून वर झेपावत फांदीवर उतरतो आणि उतरल्यावर शेपटी डावी-उजवीकडे हलवतो, पंख जरा ओघळलेले ठेवतो. शिक्रा ताठ बसतो. हे चार मुद्दे बघायला दहा सेकंद पुरतात, मात्र त्या दहा सेकंदांत तुम्ही मोबाइलकडे बघत असलात तर गेले.

यावरूनच ओळखण्याचा क्रमही लक्षात घ्या. रंग शेवटी. आधी आकार, तोही ओळखीच्या पक्ष्याच्या मापाने: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कबुतराएवढा, घारीएवढा. मग तो काय करतोय. खोडावर चढतोय, पानाखाली लटकतोय, एकाच फांदीवरून झेप घेऊन परत तिथेच येतोय, जमिनीवर पाला उलटतोय? झेप घेऊन परत येणारा म्हणजे बहुतेक माशीमार, वेडा राघू किंवा कोतवाल. पाला उलटणारा म्हणजे कस्तूर किंवा सातभाई. इथवर आलात की शंभरातले नव्वद पर्याय गळलेले असतात. रंग फसवतो, कारण नर-मादी वेगळे असतात. काळाभोर कोकीळ ओळखणाऱ्याला त्याची ठिपकेदार मादी कुठला तरी अनोळखी पक्षी वाटते. जांभळा शिंजीर विणीचा काळ संपला की आपला चकचकीत रंग उतरवतो आणि मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी उरते. पुस्तकात पहिलं चित्र विणीच्या पोशाखाचं असतं आणि तुम्ही बघताय ऑक्टोबरमध्ये.

दोन आवाज मुद्दाम सांगतो, कारण ते लक्षात ठेवले तर पक्षी शोधत फिरावं लागत नाही. पहिला म्हणजे आरडाओरडा. सातभाईंचा कलकलाट, खारीची थांबता न थांबणारी चकचक, बुलबुलांची चिडचिड हे सगळं एकाच झाडाभोवती चाललं असेल तर तिथे धामण, मांजर, शिक्रा किंवा पिंगळा यांपैकी कोणीतरी आहेच. पळत जाऊ नका. वीस-पंचवीस पावलांवर थांबून, ओरडणारे ज्या दिशेला तोंड करून बसलेत तिथे दुर्बीण लावा. दुसरा म्हणजे हिवाळ्यातली मिश्र टोळी. दहा-पंधरा मिनिटं झाडी मुकी असते आणि अचानक एका झाडावर चिवचिव सुरू होते: चष्मेवाले, राखी वल्गुली, छोटे निखार, सुभग, नाचण, हिरवट वटवट्या, जोडीला एखादा राखी कोतवाल. हे सगळे मिळून किडे उठवत झाडामागून झाड पालथं घालत जातात. एकाच्या हालचालीने उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो, आणि शिकारी आला तर पहारा द्यायला डोळे जास्त. अशी टोळी भेटली की तिच्या मागे जाऊ नका, तिच्या पुढच्या झाडाखाली जाऊन उभे राहा. ती तुमच्या डोक्यावरून जाईल. लोकांच्या याद्या एकदम फुगतात त्या याच पाच मिनिटांत.

दुर्बिणीचं. कोणती मिळाली आहे ते प्रश्नात नाही. ८×४२ (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, समोरचं भिंग ४२ मिलिमीटरचं) असेल तर उत्तम, दुसरी घेऊ नका. १०×२५ सारखी खिशात मावणारी असेल तर झाडीत अंधुक दिसण्याचं एक कारण तेच. समोरच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाच्या आकड्याने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: पहिलीत सव्वापाच मिलिमीटर, दुसरीत अडीच. पहाटे आणि सावलीत डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तिला अडीच मिलिमीटर पुरत नाहीत. १२ किंवा १६ पट मोठं दाखवणारी घेऊ नका, हात जेवढा हलतो तेवढंच तेही मोठं होतं आणि एका वेळी दिसणारा भाग आक्रसतो. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करा. आणि सराव एकच: पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधणाऱ्याला पानं दिसतात. गॅलरीत बसून समोरच्या तारेवरच्या होल्यावर हा सराव करा.

आता टेकडीचं वर्ष. तुम्ही ऑक्टोबरच्या सुमाराला सुरुवात केलीत ते चांगलं झालं, सप्टेंबरअखेरपासून उत्तरेकडचे पाहुणे येऊ लागतात. वटवटे, लाल छातीचा माशीमार, धोबी, तीरचिमण्या. खाणीच्या कडेला आणि खडकांवर शेपटी थरथरवत बसणारा कृष्ण थिरथिरा थंडीभर असतो. हे येतात तसेच काही जण नुसते जाता जाता उतरतात. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक त्यांपैकी एक, तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि परत मार्च-एप्रिलमध्ये सावलीच्या, ओलसर जागी बघा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटा सोडून झाडांकडे जायचं. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की त्या एका झाडासमोर सकाळ काढा: भोरड्यांचे थवे, साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, चष्मेवाले सगळे तिथेच येतात. ज्याला मी मघाशी नावं ठेवली ते गिरिपुष्पही याच दिवसांत पानं गाळून गुलाबी फुलतं आणि शिंजिरांना चालतं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. उन्हाळ्यात वड, पिंपळ, उंबर पिकला की तसंच. तांबट, कोकीळ, बुलबुल, राखी धनेश, आणि नशीब असेल तर हरियाल, जो आपल्या राज्याचा पक्षी आहे आणि हिरव्या पानांत पन्नासाचा थवा बसला तरी दिसत नाही. झाडाखाली टपटप फळं पडताना ऐकू आली की वर बघायचं.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंधार पडता पडता रातवा ओरडतो. फरशीवर टेबल टेनिसचा चेंडू सुटला की त्याच्या उड्या कशा जवळजवळ होत जातात, नेमका तसा चक्... चक्.. चक् चक् चक्कर्र. रातवा घरटं करत नाही, पाचोळ्यात किंवा उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि तुम्ही पाय ठेवेपर्यंत हलत नाही. वाट सोडू नका, असं जाणती माणसं सांगतात त्याचं हे सगळ्यात साधं कारण. ऐकायला दोघं-तिघं मिळून जा आणि काळोख दाटायच्या आत खाली उतरा.

पावसाळ्यात पक्षी नसतात ही समजूत कुठून आली कोण जाणे. लोक छत्री घेऊन बाहेर पडत नाहीत म्हणून असेल. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आफ्रिकेतून चातक येतात, काळे-पांढरे, डोक्यावर तुरा. त्यांचाही डोळा सातभाईंच्या घरट्यांवर असतो, म्हणजे सातभाईंना पावशानंतर हा दुसरा भाडेकरू. जुलै-ऑगस्टमध्ये माथ्यावरच्या गवतात मोर, तित्तिर, वटवटे, हवेत उंच जाऊन गात गात खाली तरंगणारे चंडोल. नर पक्षी विणीच्या पूर्ण पोशाखात असतात आणि गाऊन स्वतःची जागा सांगत असतात. नवशिक्याला याहून सोपी वेळ नाही.

पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जून, नवरंग हा पक्षी. दक्षिणेत हिवाळा काढून तो रात्रीचा प्रवास करत उत्तरेकडे निघतो आणि पहाटे थकून कुठेही उतरतो. टेकडीवर तो गर्द सावलीत, जमिनीवर पाला उलटताना सापडतो, आणि त्याची दोन सुरांची स्वच्छ शीळ पहाटे व तिन्हीसांजेला येते. पण पुण्यात दर वर्षी काही नवरंग सोसायट्यांच्या काचांवर आपटतात. तुमच्या गॅलरीत असा पडलेला मिळाला तर हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. मुलांना हातात देऊन फोटो काढू नका. तास-दोन तासांत सावरला तर झाडीजवळ सोडून द्या, जखम दिसली किंवा सावरला नाही तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

सकाळचे साडेनऊ वाजले, झाडी शांत झाली, की बहुतेक जण उतरायला लागतात. माथ्यावर आणखी अर्धा तास थांबा आणि वर बघा. जमीन तापली की हवेचे झोत वर चढतात आणि शिकारी पक्षी त्यांच्यावर गिरक्या घेत उंच जातात. शेपटीला मधे खाच असलेली ती घार. एवढं एक पक्कं करा, म्हणजे जिच्या शेपटीला खाच नाही तिच्यावर वेळ घालवता येईल. मधुबाज आणि सापमार गरुड टेकडीवरून जाताना दिसतात.

वागण्याबद्दल थोडं, कारण दुर्बीणवाल्यांपेक्षा हल्ली कॅमेरेवालेच जास्त त्रास देतात. पक्ष्याला बाहेर काढायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. नराला वाटतं दुसरा नर घुसलाय, आणि तो खाणं, पिल्लं सोडून त्या नसलेल्या नराशी भांडत बसतो. एका माणसाने एकदा केलं तर निभावतं, शनिवार-रविवारी दहा जणांनी केलं तर नाही. घरटं दिसलं तर मागे फिरा, आणि जागा कोणाला सांगू नका. सोडलेल्या खाणींच्या कपारीत शृंगी घुबडं राहतात, त्यांच्या जागेबद्दल तर अजिबातच नाही. अंडी-पिल्लं उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहेच. शेव, पोळ्या, बिस्किटं टाकणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे, पण तुम्ही टाकू नका. त्याने कावळे, पारवे आणि कुत्री वाढतात, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्यांना कुत्र्यांचा ताप होतो.

यादी करा. वही चालेल, ईबर्ड (पक्ष्यांच्या याद्या नोंदवायची वेबसाइट) चालेल. ईबर्डवर टाकणार असाल तर दिसलेले सगळे पक्षी लिहा, कावळे-पारवेसुद्धा, अंदाजे संख्येसह, आणि किती वेळ, किती अंतर तेही. फक्त खास पक्षी लिहिलेली यादी फुशारकीला बरी, अभ्यासाला निरुपयोगी. साध्या यादीचा उपयोग काय असं वाटत असेल तर टेकडीवरून काढायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला विरोध करायला २०२३ मध्ये माणसं बाहेर पडली होती ते आठवा. अशा वेळी ‘इथे खूप पक्षी आहेत’ म्हणून चालत नाही. कोणत्या वाटेवर, कोणत्या महिन्यात, किती, हे तारखेनिशी दाखवावं लागतं, आणि ते रोज येणाऱ्या माणसाकडेच असतं. जाणकारांबरोबर हिंडायचं असेल तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह गाठा (पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा). तेव्हा पुण्यात ठिकठिकाणी सकाळच्या फेऱ्या असतात. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, तिच्यात पंधरा मिनिटांची यादीसुद्धा धरली जाते.

मुलीबद्दल. दहाव्या वर्षी कान तुमच्यापेक्षा चांगले असतात. वय वाढतं तसे बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात, तेव्हा वटवटे आणि माशीमार तिलाच आधी ऐकू येतील. तिला नावं पाठ करायला लावू नका. एक पक्षी तिच्या हवाली करा: तुमच्या इमारतीजवळची शिंप्याची जोडी किंवा टेकडीवरचा ठरलेल्या ढोलीतला पिंगळा. तो काय खातो, कुठे बसतो, कोणाशी भांडतो एवढं तिने लिहायचं. दीड तासाच्या वर थांबवू नका, खाऊ बरोबर ठेवा, आणि दुर्बीण एकच असेल तर ती तिच्या गळ्यात घाला. तुमचं ऐकण्याचं काम तेवढंच सुधारेल.

कॅमेरा या वर्षी नको. माशीमाराचा फोटो येईल अशी लांब पल्ल्याची लेन्स जड असते, महाग असते, आणि ती हातात आली की माणूस पक्षी जवळ कसा येईल एवढाच विचार करतो. पक्षी न ओळखता काढलेला फोटो घरी येऊन दुसऱ्यांना ‘हा कोण?’ विचारण्यात जातो. त्यापेक्षा खिशात पेन्सिल ठेवा आणि न ओळखलेल्या पक्ष्याचं वेडंवाकडं चित्र काढा. चोच, शेपटी, डोळ्यावरची पट्टी, पायांचा रंग अशा खुणा बाणांनी लिहा. चित्र काढायला बसलं की आपण काय पाहिलंच नाही ते लगेच कळतं, आणि पक्षी अजून समोर असतो तोवर ते परत बघता येतं. एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू झाले, आणि तरीही फोटो हवेतच असं वाटलं तर पुढच्या पावसाळ्यानंतर लिहा. कोणता घ्यायचा ते तेव्हा सांगेन.